शेवटच्या फोटोतला श्वास

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, खोटं बोलत असेन तर जीभ झडो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे, डोळ्यांदेखत असं अगदी म्हणता येणार नाही, कारण त्या दिवसांत मी गावात नव्हतो. पण ज्यानं मला सांगितलं तो माणूस आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही, आणि बोलला असेलच तर निदान माझ्याशी बोलणार नाही, कारण माझ्या कानावर आलेली गोष्ट तोंडातून बाहेर पडेपर्यंत बाळसं धरते हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा बिनधास्त विश्वास ठेवा.

एका कारखान्याच्या बँडमध्ये एक ट्रम्पेटवाला होता. पगार तो यंत्रांना तेलपाणी करण्याचा घेई, पण ते पोटापुरतं. ओळख म्हणाल तर ट्रम्पेटची. पन्नाशी ओलांडलेली, छाती पिंपासारखी, मान बेताचीच, आणि वाजवताना आड येऊ नये म्हणून मिशीला तरुणपणीच कायमचा रामराम ठोकलेला. बँडमधले लोक त्याला फुप्फुसराव म्हणत आणि तोही त्या नावाला असा ओ देई, जणू बारशालाच ते ठेवलं होतं. दरवर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनाला बँड शेवटचं गीत वाजवी, आणि गीत संपून बाकीची वाद्यं गप्प झाली की फुप्फुसराव एकटा एक सूर धरी. एकच सूर, एका दमात. सगळं सभागृह त्याच्याबरोबर श्वास रोखून बसे. पोरं गाल फुगवून शर्यत लावत आणि लालबुंद होऊन हरत, साहेबलोक मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, आणि सूर संपे तेव्हा तो तुटत नसे, भरलेला पेला टेबलावर ठेवावा तसा न हिंदकळता खाली ठेवला जाई. गर्व होता त्याला त्याचा. का नसावा?

तर त्या वर्षी, वर्धापनदिन महिन्या-दीड महिन्यावर आलेला असताना, त्याच्या पोटानं दगा दिला. सूर निम्म्यावर आला की खालून काहीतरी आंबट, गरम वर चढे आणि गळ्याशी येऊन बसे. सरावात सूर तुटला. मग पुन्हा तुटला. बँडमधला दुसरा ट्रम्पेट म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो काळजीनं जवळ आला, पण काळजीखाली काय आहे ते फुप्फुसरावाला स्पष्ट दिसलं.

"दाजी, यंदा सूर मी धरू का? तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. शोभा येईल."

"शोभेला कुंडी ठेव," फुप्फुसराव म्हणाला. पण घरी येऊन तो जेवला नाही, आणि बायकोनं ओळखायचं ते ओळखलं.

"अहो, तोंडानं फुंकायचं आणि पोटानं कुढायचं, असं किती दिवस चालणार? उद्या दाखवायला जायचं."

डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी करवली. पोटावर गार जेली फासून त्यावरून यंत्राचा दांडा फिरवला गेला, आणि यकृत, पित्ताशय सगळं आपापल्या जागी शहाण्यासारखं बसलेलं निघालं. मग डॉक्टर म्हणाले, बेरियमचा एक्स-रे काढू. साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, पण जठर म्हणजे नुसती पिशवी, ते दिसत नाही. म्हणून पांढरं औषध पाजायचं, ते जिथून जिथून जाईल तिथली भिंत उजळत जाते, आणि अन्न वर का येतं ते कळतं. "रात्रीपासून काही खायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही. दुखत नाही. फक्त सांगतील तसं करा." सांगतील तसं करण्यात फुप्फुसरावाची हयात गेली होती, बँडमास्तरची काठी वर गेली की वर, खाली आली की खाली.

एक्स-रेच्या खोलीत चाळिशीची एक बाई होती, ताठ, मोजकं बोलणारी. तिचं काम पाहणाऱ्याला लगेच कळे की इथे दुसरी कोणी गर्विष्ठ व्यक्ती आहे.

"काका, सगळे कपडे काढून हा गाऊन घाला. नाड्या मागे."

"काका कोणाला म्हणता? आणि मागच्या नाड्या माणसानं बांधायच्या कशा?"

"आजवर सगळ्यांनी बांधल्यात. अंगावर काही धातू?"

"माझा धातू मी घरी ठेवून आलोय," तो म्हणाला.

तिनं त्याला फसफसणारी पूड गिळायला दिली आणि ढेकर दाबून ठेवा म्हणून बजावलं, कारण हवेनं पोट फुगलं की भिंती नीट दिसतात. मग पेला दिला. भिंतीला द्यायच्या चुन्यात कोणी चुकून साखर घातली असावी अशी त्याची चव होती. उभ्या टेबलाला पाठ लावून तो एकेक घोट घेऊ लागला आणि बाजूच्या पडद्यावर त्याला आपलीच अन्ननलिका दिसली, तिच्यातून पांढरी धार उतरताना दिसली, आणि स्वतःच्या आत स्वतःला उतरताना पाहून तो क्षणभर हरखला. टेबल हळूहळू आडवं झालं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पालथे व्हा. ती काचेमागे गेली आणि भिंतीवरच्या भोंग्यातून तिचा आवाज येऊ लागला: श्वास घ्या. रोखा. सोडा. प्रत्येक फोटोला तेच, त्याच लयीत. तिसऱ्या-चौथ्या फोटोनंतर भोंगा म्हणाला, "छान रोखता हो तुम्ही."

"आमचा धंदाच आहे तो."

"माझा फोटो कधी हलत नाही. माणूस दमला की फोटो हलतो, म्हणून मी कुणाला दमू देत नाही. पण तुमच्यासारखं दगड होऊन पडणारं गिऱ्हाईक नाही पाहिलं." मग थोडं थांबून, "आता शेवटचा. मोठा, छातीपासून बेंबीपर्यंत. श्वास पूर्ण घ्या. रोखा."

यंत्र गुरगुरलं, टक्क झालं. मग शांतता. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं की काचेमागे कोणीतरी दारात येऊन काही विचारतंय आणि बाई तिकडे वळून बोलतेय. तो पडून राहिला, छाती भरलेली, अंगातला एक केस हलू न देता. ऐकायला कोणी नव्हतं, बघायला कोणी नव्हतं, तरी हा आपला एक उत्तम सूर आहे असं त्याला वाटलं. मग दार उघडून ती आत आली. "झालं. उतरा, पाय सांभाळा. आज भरपूर पाणी प्या. एक-दोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नका."

बायकोबरोबर जिना उतरताना तो मध्येच थबकला. वाजवणाऱ्या माणसाला अर्धवट राहिलेली ओळ टोचते.

"ती शेवटी 'सोडा' म्हणालीच नाही."

"मग काय, अजून धरून बसलात?" बायको म्हणाली.

तो हसला. पण खालपर्यंत पोचला तरी आपण तो श्वास नेमका कधी सोडला हे काही त्याला आठवेना.

निकाल चांगला आला. जठराचं तोंड जरा सैल पडलंय, म्हणून अन्न वर येतं. गोळ्या घ्या, थोडं थोडं खा, पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उंच करा, आणि ट्रम्पेट खुशाल वाजवा. शेवटचा फोटो डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर लावला आणि मान पुढे काढून बघतच राहिले. "रेघा बघा, जणू बारीक पेनानं काढल्यात. वर्गात दाखवावा असा फोटो आहे." एवढं ऐकल्यावर तो फोटो पाकिटात थोडाच राहतो? फुप्फुसरावानं तो बैठकीच्या खिडकीच्या काचेवर चिकटवला. सकाळचं ऊन मागून आलं की त्याचं जठर खोलीभर उजळून निघे.

"लोक नातवंडांचे फोटो लावतात," बायको म्हणाली, "आमच्याकडे बघा काय लावलंय." पण पुसताना ती ती काच इतर काचांपेक्षा जास्त वेळ पुसत असे.

मेहुणा आला, डोकं तिरकं करून उभा राहिला. "दाजी, हे काय, मडकं?"

"जठर आहे. तुझ्या बहिणीनं इतकी वर्षं भरलेलं."

गोळ्यांनी जळजळ गेली. सरावात त्यानं सूर धरला आणि सूर निघाला तो नेहमीच्या जागा ओलांडून पुढे, आणखी पुढे, शेवटी बँडमास्तरनं काठी बगलेत मारून हात जोडले तेव्हा त्यानं तो खाली ठेवला. सगळे टाळ्या वाजवत होते. मेहुण्यानं सवयीप्रमाणे आपल्या ट्रम्पेटची खालची कळ दाबून नळीत साचलेलं पाणी जमिनीवर झटकलं. वाजवणाऱ्याच्या श्वासाची वाफ आत थंड होते, तिचं पाणी होतं, ते सगळ्यांनाच झटकावं लागतं. फुप्फुसरावानंही कळ दाबली. काही पडलं नाही. त्यानं ट्रम्पेट हलवला, उलटा केला, नळीत बोट घातलं. नळी दुकानातून आणल्यासारखी कोरडी होती. त्या दिवशी त्याला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशीही कोरडी. त्याच्या खुर्चीपुढची जमीन कोरडी, मेहुण्याच्या खुर्चीपुढे थारोळं. पुढे पुढे तो आपला ट्रम्पेट इतरांच्या पाठी वळल्यावरच खाली ठेवू लागला, आणि सूर रोज थोडा लांबत गेला.

आणि खिडकीतला फोटो हलू लागला.

"ऊन लागून बिघडतोय हो तुमचा फोटो," बायकोनं एका सकाळी सांगितलं. त्यानं चष्मा लावून पाहिलं. पेनानं काढलेल्या रेघा आता दुहेरी दिसत होत्या, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारख्या. पाकिटातले बाकीचे फोटो तसेच, जसेच्या तसे. त्यानं हा काढून कपाटात अंधारात ठेवला. दोन दिवसांनी पाहिलं तर रेघा आणखी पसरलेल्या. जठरावरची ती कमान, जिच्यावर फुप्फुसं टेकतात, ती तर पुसटशी धूर होऊन गेली होती.

वर्धापनदिनाच्या दोन दिवस आधी तो फोटो घेऊन एक्स-रेच्या खोलीत गेला. बाईनं एक नजर टाकली आणि परत केला. "हा माझा नाही. माझा फोटो हलत नाही."

"खालची खूण बघा."

कोपऱ्यात डावी बाजू सांगणारं शिशाचं अक्षर उमटलं होतं, तिच्याच पेटीतलं, एका टोकाला टवका उडालेलं. तिनं फोटो पुन्हा हातात घेतला.

"शेवटी तुम्ही 'सोडा' म्हणाला नाहीत," तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. एकानं दुसऱ्याला चुकलेली मात्रा दाखवावी तसं.

तिनं फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. बराच वेळ पाहिलं. मग दुखणाऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा तळवा त्यावर ठेवला, आणि तो तिनं चटकन काढून घेतला.

"थरथरतंय," ती म्हणाली. ती पेटीसमोर वाकली, भोंग्यातून बोलायचा तो आवाज तिनं लावला आणि तोंड उघडलं.

"थांबा." त्यानं तिच्या तोंडापुढे हात धरला. "परवा वर्धापनदिन आहे."

"काका, आतला तो दमलाय."

"एवढा एक सूर होऊ द्या. मग मीच घेऊन येतो."

"आणि त्याच्या आधी त्यानं आपणहून श्वास सोडला तर?"

फुप्फुसराव उभा राहिला. पिंपासारखी छाती, तिच्यावर गाऊनऐवजी आता बँडचा डगला, बटणं लखलखीत. "माझाच आहे ना तो?" तो म्हणाला. "नाही सोडणार."

बाईनं त्याच्याकडे पाहिलं. आपण काढलेल्या सगळ्या फोटोंत हाच सर्वांत चांगला होता हे तिला तेव्हाही वाटून गेलं. तिनं तो स्वतःच्या हातानं पाकिटात घालून दिला.

वर्धापनदिनाला सभागृह खचाखच भरलं. फोटो घरी पुन्हा खिडकीवर लावलेला होता, बायको पुढच्या रांगेत. गीत संपलं, वाद्यं एकेक करून थांबली, आणि फुप्फुसरावानं सूर धरला. तो असा निघाला की मेहुण्यानं मांडीवरचा ट्रम्पेट हळूच खुर्चीखाली सरकवला आणि दाजींकडे पाहताना त्याचे डोळे भरून आले. पोरं हरली. मोठी माणसं हरली. साहेबलोकांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. टाळ्या सुरू झाल्या, वाढल्या, मग सूर त्यांच्याही पलीकडे गेला तेव्हा विरळ झाल्या आणि थांबल्या. बायकोनं आधी अभिमानानं आजूबाजूला पाहिलं. मग तिची नजर त्याच्या डगल्याच्या बटणांवर गेली आणि तिथेच राहिली. बटणं हलत नव्हती. त्याला ती दिसत होती, तिचा चेहराही दिसत होता, पण त्याच्या आत कुठेही जळजळ नव्हती, घाई नव्हती, भार नव्हता. होता तो एकच विचार, की घरी खिडकीशी कोणीतरी आपल्यासाठी जिवाच्या आकांतानं तग धरून आहे, आणि ते कोणी परकं नाही. मग त्यानं सूर न हिंदकळता खाली ठेवला. सभागृह उठून उभं राहिलं. रात्रीच्या आत दोघं घरी आली, खिडकीतल्या फोटोच्या रेघा पुन्हा पेनानं काढल्यासारख्या स्वच्छ झाल्या होत्या, आणि तो काचेजवळ जाऊन त्याला "शाब्बास" म्हणाला.

झाली गोष्ट. यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही, एवढं सोडून: सूर खाली ठेवला, लोक उठले, दोघं घरी गेली, हे मी रचलं. ऐकणाऱ्याला रात्री झोप लागावी म्हणून तसं सांगावं लागतं. बाकी सगळं खरं. सूर अजून चालूच आहे, आणि लोक आता पाळीपाळीनं सभागृहात जाऊन बसतात, खुर्च्या न वाजवता. पुढच्या रांगेत त्याची बायको असते, ताठ मानेनं.