मागच्या सीटचा दांडा

मी दांडा बोलतोय. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याला धरायला असतो ना, तोच. चालवणाऱ्याची माझ्याकडे कायम पाठ, त्यामुळे त्याला माझी किंमत शून्य.

त्याच्या आईचं तसं नव्हतं. दर रविवारी ती जिना उतरून यायची, मला घट्ट धरून दुखरा गुडघा वर घ्यायची आणि म्हणायची, "चल, मावशी वाट बघत असेल." मावशी म्हणजे आईची अंथरुणाला खिळलेली बहीण. दोनदा बस बदलून तिच्याकडे जाणं आईला झेपत नव्हतं.

मग चिरंजिवांना गाडी नटवायची हुक्की आली. शोरूममधल्या सेल्समनने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "बाहेर काही बसवलंत तर वॉरंटी जाते, सर. आमच्याकडे बसवा, टेन्शनच नाही. मागे कोणी बसतं का?"

"छे! आई फक्त."

"मग दांडा काढू या. मागून एकदम शार्प दिसेल."

आई फक्त! ऐकलंत ना? नट ढिले झाले, माझ्या जागी चिमणीही नीट बसणार नाही असं टोकदार शेपूट आलं, खाली नवा सायलेन्सर लागला. चिरंजीव फोटो काढण्यात दंग. घरी आल्यावर मला गॅलरीत टाकलं.

रविवारी मी गजांतून खाली बघत होतो. आईचा हात सवयीने मागे गेला, चाचपडला आणि रिकामाच परत आला.

"अरे, धरू कशाला?"

"मला धर ना. आजकाल सगळे असेच बसतात."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात सायलेन्सर असा काही भुंकला, की बिचारीने दचकून पाय खाली टेकला. "राहू दे बाबा. तू ये फिरून."

आणि हा दिवटा खरंच फिरायला गेला!

आईने वर येऊन बहिणीला फोन लावला. "आज नाही गं जमत. गुडघा दुखतोय." मुलाचं नाव काढलं नाही. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही तेच.

मग तिने प्लंबरला बोलावून मला बाथरूमच्या भिंतीत पक्कं बसवून घेतलं. आता रोज सकाळी तिचा हात माझ्यावर असतो. मला आणखी काय हवं?

आज चिरंजीव ओल्या फरशीवर घसरले आणि मलाच लोंबकळले. हात झटकता आला असता तर झटकलाच असता, देवाशपथ.

बाहेर येऊन विचारतोय, "आई, दांडा मस्त आहे गं. कुठून आणलास?"

आज रविवार आहे, आई बहिणीला फोन लावतेय.