काकांचा रकाना

अभ्यासबाईंचा प्रबंध सुरू झाला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. आता त्यांची लेक स्वतःच्या वह्यांना स्वतः कव्हर घालत होती आणि प्रबंध अजून एका उदाहरणावाचून अडून बसला होता. विषय भारदस्त होता. माहिती तंत्रज्ञान आणि डेटा यांचा धंद्याचं धोरण ठरवायला कसा उपयोग होतो, हे त्यांना दाखवायचं होतं. उपयोग होतो, हे सुरुवातीच्या प्रकरणांत सिद्ध झालंच होतं. तो होताना कुणी पाहिला आहे का, एवढंच शेवटच्या प्रकरणात सांगायचं राहिलं होतं.

त्यासाठी त्या पडदे बनवणाऱ्या एका कंपनीत येऊन बसत. अभ्यासबाई हे नाव तिथल्याच लोकांनी पाडलेलं. जिन्याखाली एक टेबल, एक खुर्ची आणि कंपनीची सिस्टिम उघडून बघायची परवानगी, एवढा त्यांचा संसार. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी फोनवर बजावलं होतं, "डेटा बघून घेतलेला एक निर्णय आणा. एकच. त्याखाली मालकांची सही आणा. मग तुम्ही सुटलात आणि मीही सुटलो."

कंपनीला मालक दोन, काका आणि त्यांचा पुतण्या. पुतण्याला सगळे धाकटे साहेब म्हणत, जरी त्यांचे केस काकांच्या आधी पांढरे झाले होते. काकांचं काम एकच. नवा हंगाम आला की ते कापडाच्या टेबलाशी उभे राहत, एक पदर चिमटीत धरत, छताकडे बघत आणि म्हणत, "तपकिरी." मग कारखाना तपकिरी पडद्यांच्या मागे लागे.

धाकट्या साहेबांनी मोठ्या हौसेने सिस्टिम आणली. कुठला रंग खपेल हे ती आधीच सांगणार होती. पण म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटू नये, त्यांचा मान राहावा, म्हणून त्यांनी सिस्टिमवाल्यांकडून एक जादा रकाना करून घेतला. नाव, 'काकांचा अंदाज'. यंत्राने सगळे रकाने तपासले. हवामान पाहिलं, सुट्ट्या पाहिल्या, नवीन घरं किती बांधली जाताहेत तेही पाहिलं आणि शेवटी निर्वाळा दिला की बाकी सगळं व्यर्थ आहे, काकांचा रकाना तेवढा खरा आहे. शंभरात पंच्याण्णव वेळा.

त्या दिवशी कंपनीत पेढे वाटावेत तसा तो आलेख वाटला गेला. धाकटे साहेब कौतुकाने म्हणाले, "काका, यंत्रसुद्धा तुम्हाला मानतं."

काका म्हणाले, "मानेलच. नवीन आहे अजून."

आता यातून पुढचा निर्णय निघाला. लोकांना तपकिरीच हवं असेल, तर तपकिरी रंगवलेलं कापड बाहेरून तयार मिळतं. मग स्वतःचं रंगाई खातं हवंय कशाला? ते बंद करायचं ठरत आलं. अभ्यासबाईंचा आनंद पोटात मावेना. डेटा होता, धोरण होतं, निर्णय होता. बैठकीत आलेख समजावून सांगायचा, सही घ्यायची आणि घरी जायचं.

त्या घरी गेल्या तर लेक रुसून बसलेली. समोरच्या इमारतीवर कुणीतरी भलामोठा दिवा लावला होता आणि तो थेट तिच्या उशीवर येत होता. मायलेकी तशाच उठून कंपनीच्या दुकानात गेल्या.

"निळा हवा," लेक म्हणाली.

दुकानातली बाई म्हणाली, "निळा नाही गं. तपकिरी आहे, गडद तपकिरी आहे आणि तो पलीकडचा आहे."

"तो निळा आहे?"

"तो तपकिरीच आहे. पण लांब आहे."

लेक रडायला लागली. दिवा तर रोजच लागणार होता. अभ्यासबाईंनी तपकिरी पडदा घेतला आणि तिला हाताला धरून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सवयीने त्यांनी सिस्टिम उघडली. आदल्या दिवसाच्या विक्रीत एक ओळ होती. ग्राहक, महिला, सोबत मूल. रंग, तपकिरी. काकांचा अंदाज, तपकिरी. निकाल, अचूक.

अभ्यासबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. सोबतचं मूल रडत होतं, याला रकाना नव्हता.

मग त्यांच्या लक्षात आलं. काकांनी तपकिरी म्हणायचं, कारखान्याने तपकिरी शिवायचं, दुकानात तपकिरीच मांडायचं, लोकांनी निमूटपणे तेच न्यायचं आणि यंत्राने हात जोडून म्हणायचं, काका म्हणालेच होते! उरलेले पाच अंदाज चुकले होते ते दुसऱ्या रंगाचा जुना माल कुठेतरी शिल्लक होता तेव्हा.

त्यांनी सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, तुमच्या घरचा एक पडदा म्हणजे पुरावा नव्हे. सही घ्या."

"पण सर, ते खातं बंद करताहेत."

"तुमच्या विषयात रंगाई कुठे आहे?"

रंगाई विषयात नव्हतीच. रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, बोललीस तर प्रबंध जाईल. नाही बोललीस तर?"

"तर पूर्ण होईल."

"मग तू इतकी कसनुशी का दिसतेस?" असं म्हणून तो झोपला. नव्या पडद्यामुळे लेकही शांत झोपली होती.

बैठकीत कागद तयार होता. धाकट्या साहेबांनी पेनाचं टोपणही काढलं होतं. अभ्यासबाई उभ्या राहिल्या, देवाचं नाव घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. लेकीचं रडणंसुद्धा.

धाकट्या साहेबांनी पेन हातातच धरून विचारलं, "बाई, तुम्हाला सही नको आहे का?"

"हवी आहे. फार हवी आहे."

"मग हे आत्ताच कशाला काढलंत?"

"सही झाल्यावर काढलं असतं तर अधिक वाईट दिसलं असतं."

काका खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकत होतो?"

"तेही सांगता येत नाही, काका. तुमच्यासाठी चुकायची सोयच ठेवली नव्हती."

धाकटे साहेब कावरेबावरे झाले. काकांनी मात्र नुसतं विचारलं, "पोरीला कुठला हवा होता?"

"निळा."

काकांनी छताकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता तपकिरी म्हणणार. ते म्हणाले, "हिलाही निळाच हवा होता."

"कुणाला?" धाकट्या साहेबांनी विचारलं.

"तुझ्या काकूला. नव्या घरात राहायला गेलो तेव्हा. दुकानात घेऊन गेलो, तर निळा नव्हता."

"कुठल्या दुकानात?"

"आपल्याच."

धाकट्या साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मग तपकिरी नेला," काका म्हणाले. "यावर डाग दिसत नाहीत, एवढंच म्हणाली ती. मला वाटलं, आवडला. ती गेली, पडदा अजून आहे." मग ते पुतण्याला म्हणाले, "टोपण लाव रे त्या पेनाला. वाळेल."

रंगाई खातं राहिलं. निळ्याचे मोजके तागे काढायचं ठरलं आणि दुकानाच्या सिस्टिममध्ये नवा रकाना आला, 'मागितलं, पण नव्हतं'. आता त्यात माहिती साठल्याशिवाय निर्णय नाही आणि निर्णयाशिवाय सही नाही. सर फोनवर खोल आवाजात म्हणाले, "म्हणजे शेवटचं प्रकरण?"

"सुरू होतंय, सर."

नवरा म्हणाला, "लेकीच्या लग्नाआधी होईल ना? नाहीतर दोन्हीची पत्रिका एकच छापू."

अभ्यासबाई जिन्याखाली जाऊन बसल्या. सिस्टिम उघडली, तर नव्या रकान्यात पहिली नोंद पडलेली होती. ग्राहक, पुरुष, वृद्ध, एकटे. मागितलं, निळा. कुणासाठी, पत्नी. त्यापुढे यंत्राने नेहमीप्रमाणे आपलं काम केलं होतं. काकांचा अंदाज, तपकिरी. निकाल, चूक.

अभ्यासबाईंनी डोळे पुसले, नवीन पान घेतलं आणि ती ओळ शेवटच्या प्रकरणात सगळ्यात वर उतरवून घेतली.