सहा व्होल्टांतले हरवलेले चार

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला कदाचित घड्याळ वाटेल. काच आहे, काचेआड काटा आहे, आकडेही आहेत. पण वेळ काही मला सांगता येत नाही. मी एक जुना मीटर आहे, काट्याचा. वीज किती जोर लावते आणि वाटेत तिला किती रोध होतो, हे मी मोजतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. भिंगातून बघत एका बाईने केसाहून बारीक तार माझ्या पोटात गुंडाळली, काटा बसवला आणि हलकेच फुंकर मारली. काटा डोलला. ती हसली. माझी पहिली आठवण ती फुंकरच आहे.

तिथून मी तंत्रशाळेत विजेचा वर्ग घेणाऱ्या सरांकडे आलो. सरांचा माझ्यावर फार जीव. 'सर चहातली साखरसुद्धा मीटर लावून बघतात,' अशी मुलं चेष्टा करत. संध्याकाळी सर मला घरी आणत, आणि त्यांची धाकटी मुलगी, बारकी, मला मांडीवर घेऊन बसे.

एकदा तिने विचारलं, "बाबा, रोध म्हणजे विजेला अडवणारा ना? मग तो दुष्टच की!"

"दुष्ट कशाने? इस्त्रीतल्या तारेला रोध नसता तर ती तापली असती का? तो असावा लागतो, बारके. फक्त भलत्या जागी नसावा."

"आणि असला तर?"

"तर शोधायचा. बॅटरीने सहा व्होल्ट दिले, तर वाटेवर कुठे ना कुठे सहाच्या सहा खर्च होतात. एकही हवेत उडून जात नाही. कुठे किती गेले, ते बघत बघत चालायचं."

अशी वर्षं गेली. बारकी मोठी होऊन सासरी गेली, सर निवृत्त झाले आणि मी जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात पडलो. अंधारात मला स्वप्नं पडत. मी एका न संपणाऱ्या तारेवरून चालतो आहे, दोन्ही बाजूंना इवलेसे दिवे उजळताहेत, मंद होताहेत, आणि कुणीतरी दुरून आकडे मोजतं आहे. त्या झोपेतच माझ्या आतली बॅटरी कुजून पाझरली. तेव्हापासून रोध मोजायची माझी ताकद गेली. व्होल्ट मोजायला मात्र मला बॅटरी लागत नाही, म्हणून तेवढा जीव शिल्लक राहिला. मित्रांनो, उपकरण बाजूला ठेवताना आतली बॅटरी आधी काढा, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग एक दिवस सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. बारकी आपलं शिलाई मशीन घेऊन त्यांच्याजवळ राहायला आली. सरांच्या उशाशी बटण होतं आणि पुढच्या खोलीत घंटी. फार पूर्वी सरांनीच आपल्या आजारी आईसाठी ती बसवली होती. सर डाव्या अंगठ्याने बटण दाबत, बारकी मशीन थांबवून धावत येई.

एका सकाळी घंटी वाजेना. वायरमन आला. त्याने घंटीच्या तारा सोडवल्या आणि सरांना बटण दाबायला सांगून आपला नवाकोरा मीटर लावला.

"हे बघा ताई, सहा व्होल्ट! सेल ठणठणीत, वायर ठणठणीत. बेलच गेली तुमची."

नवी बेल बसवली. तीही मुकी. "मग सगळी वायर नवीन टाकू. पुढच्या आठवड्यात येतो," म्हणून तो गेला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, सरांना तहान लागली. पुढे मशीन धडधडत होतं. सरांनी खूप वेळ बटण दाबलं, मग स्वतःच उठायला गेले आणि पडले. बारकीला कळलं तेव्हा सर फरशीवर होते, तांब्या कलंडलेला, सदरा ओला.

"बाबा, हाक नाही का मारायची?" असं ती बोलून गेली, आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

शेजारच्या काकांनी सरांना उचलायला मदत केली. पलंगावर टेकताच सरांनी डावा हात कपाटाकडे केला.

"शाल देऊ? औषध? मग काय, फोटो?"

सर प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवत होते. शेवटी तिच्या हाताला टॉवेल लागला. "हा?" सरांनी डोळे मिटले, आणि त्यांतून पाणी आलं.

बारकीने घंटीच्या तारांना माझी टोकं लावली. "बाबा, दाबा!" काटा उठला आणि दोनावरच थांबला.

ती मला घेऊन सरांकडे आली. "वायरमनच्या मीटरवर सहा होते, ह्याच्यावर दोनच. म्हातारा झाला हा."

सरांनी चार बोटं वर केली.

"चार? कसले चार?" मग ती पलंगाच्या कडेवर बसलीच. "चार वाटेत जातायत!"

नवा मीटर खोटारडा नव्हता. तो जेमतेम ओठ ओले होण्याइतकाच प्रवाह घेतो. मला घोटभर लागतो, ही माझी खोड. पण त्या घोटासाठी वीज चालू लागते, आणि चालू लागली की वाटेतली अडचण तिला बोचते.

"बटण दाबून धरा बाबा. सोडू नका हं." मला घेऊन बारकी सेलांपासून तारेच्या वाटेने निघाली. पहिला जोड उघडला, सहा. दुसरा, सहा. तिसरा न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवर होता. त्याच्या अलीकडे सहा, पलीकडे दोन. चिकटपट्टीखाली तांब्याच्या तारेवर हिरवं पीठ साठलं होतं. तिने तार खरवडून लख्ख केली, घट्ट पिळली. (चार सेलांची वीज होती म्हणून हं, घरच्या दिव्यापंख्याच्या तारांना तुम्ही कधी हात लावू नका.) मग घंटी परत जोडली, आणि ती एकदम खणखणली.

वाजली ती वाजतच राहिली.

बारकी आत धावली. सरांचा अंगठा बटणावर तसाच होता, दाबून दाबून पांढरा पडलेला. अर्ध्या चेहऱ्याने ते हसत होते.

"सोडा की हो बाबा, कान गेले माझे!" ती हसत होती की रडत होती, माझ्या काट्याला काही सांगता येईना. सरांनी सोडलं नाही. तिनेही मग सोडवलं नाही.

आता मी खिडकीत असतो. दुपारी मशीन थांबलं की ती माझी काच पुसते आणि सरांशी बोलत बसते. हो-नाहीला डोळे, आकड्याला बोटं. उन्हात मला पुन्हा डुलकी लागते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी गप्प झालं असेल, तर 'सगळं ठीक दिसतंय' म्हणून उठून जाऊ नका. जवळ बसा. शाल का, औषध का, विचारत राहा. तीनदा चुकलात तरी चौथ्यांदा विचारा.