काकासाहेबांच्या दारातली बस

शहरातून बजाजनगरात येणारी बस मोठ्या रस्त्यानं नीट सरळ यायची आणि सोनाई कॉलनीच्या तोंडाशी आली की एकदम डावीकडे वळायची. दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमधून अंग चोरत आत शिरायची, काकासाहेब बोडख्यांच्या फाटकासमोर थांबायची आणि मागच्या गल्लीतून वळसा घालून पुन्हा त्याच मोठ्या रस्त्याला लागायची. जातानाही तेच. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे नव्या माणसाला कळत नसे आणि जुना माणूस विचारत नसे. काकासाहेब सोसायटीचे चेअरमन असताना त्यांनी खटपट करून, चार जणांचे उंबरे झिजवून बस दारात आणली होती. कंडक्टर लोक त्या थांब्याला 'काकासाहेब'च म्हणायचे. "काकासाहेब आहे का कोणी, काकासाहेब?" अशी हाळी आली की ओट्यावर चहा पीत बसलेले खुद्द काकासाहेब मिशीतल्या मिशीत हसायचे. उतरायचं कोणी नसे, ही गोष्ट वेगळी. आणि स्वतः काकासाहेबही त्या बसमध्ये कधी चढले नव्हते. दारात चारचाकी उभी असताना बसनं जायला ते काय खुळे होते?

त्यांच्या या हौशीला कारण होतं. त्यांचं गाव वैजापूर तालुक्यात, फाट्यापासून बरंच आत. गावाला रस्ता नव्हता, एसटी फाट्यावरच थांबायची. धाकट्या बहिणीच्या, साळूच्या लग्नात वऱ्हाड फाट्यापासून चिखल तुडवत आलं. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं मांडवात पाय धुता धुता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की पोरगी द्यायला निघालात, गावाला बस तरी आणायची होती. वडील तात्यासाहेब पायांवर पाणी ओतत राहिले. तरणेबांड काकासाहेब मान खाली घालून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी मनाशी गाठ बांधली, की आपण जिथं घर बांधू तिथं बस दारात येईल. कंपनीत नोकरी केली, पुढं खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, पैसा झाला, बंगला झाला आणि बसही आली.

साळूबाईचा नवरा लवकर गेला तेव्हा काकासाहेबांनीच तिला बजाजनगरात आणलं. कॉलनीच्या पलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली एक तिला पाहून दिली. ती क्रांती चौकाजवळच्या एका मुलींच्या हॉस्टेलवर स्वयंपाक करायची. भाऊबीजेला भावाकडे यायची, एरवी त्याच्या दारात फारशी दिसत नसे आणि खोल्यांमध्ये त्याचं नातंही कोणाला सांगत नसे. भावानं केलेल्याची जाण ठेवणारी बाई होती.

तर अशात शहरातल्या सगळ्या बसगाड्यांचे मार्ग नव्यानं आखायचं ठरलं. त्या कामावर अंबिका धारूरकर नावाची एक तरुण इंजिनीअर होती. तिनं बजाजनगरच्या सभागृहात सुनावणी लावली, भिंतीवर नकाशा लावला आणि साध्या भाषेत सांगितलं. बस गल्लीबोळात शिरते, अडकते, म्हणून उशिरा पोचते. ती मोठ्या रस्त्यानं सरळ नेली तर आहेत त्याच गाड्या जास्त फेऱ्या मारतील, लोकांना ताटकळावं लागणार नाही. सोनाई कॉलनीतल्यांना थोडं चालावं लागेल, पण खोल्यांमधल्या सगळ्या कामगारांची सोय होईल.

काकासाहेबांना ऐकू आलं ते एवढंच, की आपल्या दारातली बस जाणार. ते आधीच तयारीनं आले होते. शेजारच्या बद्रीनाथनं कॉलनीतली माणसं जमवली होती. काकासाहेब उठले आणि म्हणाले, "बाई, नकाशावर रेघा मारणं सोपं असतं. तुम्ही स्वतः कधी बसनं फिरलात का?"

"रोज फिरते," अंबिका म्हणाली.

तरीही सभागृह हसलं, कारण हसायचं ते आधीच ठरलं होतं. मग काकासाहेबांनी मागं बसलेल्या साळूबाईला खूण केली. आदल्या दिवशी ते मुद्दाम तिच्या खोलीवर जाऊन आले होते. 'तू नुसती उभी राहून सांग, बस आहे तशीच आम्हा बायांना बरी पडती. बाईमाणूस बोललं की सरकारला ऐकावं लागतं.' तिनं क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं आणि 'बरं' म्हणाली होती. आता ती उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शिकवलं होतं तेवढं बोलून खाली बसली. अंबिकानं तिला विचारलं, "मावशी, तुम्ही रोज जाता ना? तुम्हाला खरंच चालतंय?" साळूबाई म्हणाली, "व्हय, चालतंय."

रोज बसनं जाणाऱ्या बाईनंच असं सांगितल्यावर पुढं काय बोलणार? शहरातल्या बाकीच्या गाड्या सरळ झाल्या, ही एक तेवढी वाकडीच राहिली. बद्रीनाथनं काकासाहेबांच्या गळ्यात हार घातला आणि महिनाभरात त्यांच्या फाटकासमोर त्यांच्या नावाची थांब्याची पाटीसुद्धा लागली.

पुढं कधीतरी साळूबाईनं हॉस्टेलचं काम सोडल्याचं कानावर आलं. काकासाहेबांनी विचारलं तर म्हणाली, गुडघे धरतात. "बरं केलंस, आता आराम कर," असं ते म्हणाले आणि विसरून गेले.

हिवाळा सरता सरता काकासाहेब शहरात डोळे दाखवायला गेले. मुलानं सकाळी गाडीनं सोडलं, न्यायला मात्र त्याला जमेना. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून तपासलं होतं. सगळं धूसर दिसत होतं, उजेड सहन होत नव्हता, म्हणून काळा चष्मा चढवला होता. रिक्षा शोधत रस्त्यावर उभे असतानाच समोर बस येऊन थांबली आणि कंडक्टर "बजाजनगर" म्हणून ओरडला. काकासाहेबांना गंमत वाटली. आपल्याच दारात जाणारी बस, मग रिक्षा कशाला? ते ऐटीत चढले आणि एका बाईच्या मागची जागा धरून बसले.

नगर नाका मागं पडला. दिसत काही नव्हतं, कान मात्र मोकळे होते. पुढच्या बाकावरच्या दोन बाया बोलत होत्या आणि त्यांतला एक आवाज साळूचा होता. काकासाहेब हाक मारणार तेवढ्यात बस कॉलनीकडे वळली आणि मागून कोणीतरी म्हणालं, "निघाली बघा काकासाहेबाची वरात." सगळी बस हसली. हे हसणं कोणी ठरवून आणलेलं नव्हतं.

गाडी गल्लीत शिरली आणि अडकली. समोर टेम्पो होता, मागं स्कूलबस.

"त्या मुडद्याच्या दारात काय सोनं पुरलंय का गं साळूबाई?" शेजारची बाई म्हणाली. "रोजचं मढं झालंय हे. तुझं हॉस्टेलचं काम ह्याच्यापायीच गेलं ना?"

"जाऊ दे ना, आवडाबाई."

"जाऊ दे काय? पोरींना कॉलेजला जायच्या आत भाकर पाह्यजे. रोजच उशीर म्हणल्यावर त्या हॉस्टेलवालीनं काढायचं नाय तर काय करावं तुला? आता मंगल कार्यालयात खरकटी भांडी घासायची पाळी आली. आन् मीटिंगमधी तूच उठून बोलली म्हणं, बस हाये तशी ऱ्हाऊ द्या. काहून बोलली गं?"

काकासाहेब पुढं झुकले. आता ती आपलं नाव घेणार. घ्यावं, असं त्यांना वाटलं आणि घेऊ नये, असंही वाटलं.

"मला तवा कळलं नाय," साळूबाई म्हणाली. "मीच येडी."

काकासाहेबांच्या कानात कोणी उकळतं तेल ओतलं असतं तरी त्यांना त्याहून बरं वाटलं असतं. भांडी घासते. दुसऱ्यांच्या लग्नातली खरकटी भांडी आपली बहीण घासते आणि आपण ओट्यावर बसून हाळी ऐकतो. टेम्पो हलला, बस पुढं सरकली आणि थांबली.

"काकासाहेब!" कंडक्टर ओरडला. "काकासाहेब आहे का कोणी?"

काकासाहेब उठले नाहीत. बाकाचा दांडा धरून, काळ्या चष्म्याआड तोंड लपवून ते बसून राहिले. दारासमोर उतरायची त्यांची छाती झाली नाही. "कोणी नाही, कधीच नसतं," असं म्हणून कंडक्टरनं घंटी मारली आणि बस त्यांचं घर मागं टाकून निघाली.

खोल्यांपाशी साळूबाई उतरली. तिच्यामागून काकासाहेब चाचपडत उतरले आणि शेवटच्या पायरीवर अडखळले. तिनं वळून पाहिलं.

"दादा? तू इथं कसा? डोळ्याला काय झालं?"

"थेंब घातलेत. नीट दिसत नाय."

"मग घरापाशी काहून नाय उतरला?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता तिनं त्यांचा हात धरला. "चल, सोडते." दिवसभर उभं राहून आलेली बाई आपलं घर समोर दिसत असताना पुन्हा उलटी चालायला लागली. तिच्या हाताची कातडी सोड्यानं सोलवटली होती, ती काकासाहेबांच्या बोटांना कळत होती.

बरंच चालल्यावर ते म्हणाले, "मी तुझ्या मागं बसलो व्हतो. सगळं ऐकलं."

ती त्यांचा हात धरून चालत राहिली.

"मला काहून नाय सांगितलंस, साळू?"

"तू इचारलंस कुठं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "काय बोलायचं ते सांगून गेलास. आन् दादा, माझ्या लग्नात तो चुलता तसं बोलला, तवा तुझी मान खाली गेलेली म्या पाह्यली व्हती. पुन्हा चार माणसांत माझ्यापायी तसं नको म्हणलं."

फाटकाशी तिनं हात सोडला. आशाबाई, काकासाहेबांची बायको, चहाला थांब म्हणाली, पण साळूबाई थांबली नाही. काकासाहेब आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. डोळ्यांचा त्रास होतोय, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

दोन दिवसांनी ते अंबिकाच्या ऑफिसात गेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. बस गुपचूप सरळ करता येईल का? म्हणजे ऑफिसनंच ठरवलं असं दाखवायचं, मधे आपलं नाव नको.

"नाव तर पाटीवर आहे, काकासाहेब," अंबिका म्हणाली. "आणि मार्ग लोकांच्या म्हणण्यावरून राहिलाय. पुढच्या महिन्यात पुन्हा सुनावणी आहे. जिथं बोललात तिथंच येऊन बोला."

माणूस पैसा सोडतो, जमीन सोडतो, पण तोरा सोडताना त्याचा जीव जातो. महिनाभर काकासाहेबांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी साळूबाईला निरोप धाडला, की सुनावणीला ये, सगळ्यांसमोर खरं काय ते सांगतो. कामावरून सुटून येते, असा तिचा निरोप आला.

सभागृह तेच, नकाशा तोच. काकासाहेब दाराकडे पाहत बसले. बाकीच्यांचं बोलून झालं, तरी साळूबाई आली नाही. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "बस सरळ न्या. माझ्या दारातून काढा. लोकांना त्रास होतो."

बद्रीनाथचं तोंड उघडंच राहिलं. "काका, कोणी दबाव आणला का?" त्यानं विचारलं आणि हशा पिकला. काकासाहेबांना अजून बोलायचं होतं. बहिणीला आपण बोलायला लावलं, तिचं काम आपल्यामुळं गेलं, हे सांगायचं होतं. पण मोकळ्या दाराकडे पाहून त्यांच्या मनानं पळवाट काढली. ती आली नाही तर आता कोणासाठी सांगायचं? ते खाली बसले. मुख्य ते बोलून झालं, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि तसं समजावताना त्यांना स्वतःचीच किळस आली.

लोक पांगले. काकासाहेब पायऱ्या उतरत होते, तोच साळूबाई धापा टाकत समोरून आली.

"उशीर झाला, दादा," ती म्हणाली. "बस तुझ्या दारात अडकून पडली व्हती. झालं का बोलून?"

"झालं," ते म्हणाले. "बस सरळ व्हईल."

"बरं झालं," ती म्हणाली आणि घाम पुसून परत वळली. तिनं आणखी काही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर काकासाहेब काहीतरी सांगून सुटले असते.

त्यांनी तिचा हात धरला आणि तिला घेऊन पुन्हा पायऱ्या चढले. आत अंबिका नकाशा गुंडाळत होती, माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती, बद्रीनाथ दोघा-चौघांत उभा राहून काकाला काय झालं याची चर्चा करत होता.

"बाई, माझं अर्धं बोलायचं राहिलं," काकासाहेब मोठ्यानं म्हणाले. "मागच्या वेळी बस आहे तशी ठेवा म्हणून जी बाई बोलली, ती ही. माझी सख्खी बहीण आहे. ते बोलणं तिचं नव्हतं. माझ्या दाराच्या हौशीसाठी मी तिला बोलायला लावलं. त्या बसपायी तिची भाकर गेली, ती आता भांडी घासते, आणि मी गळ्यात हार घालून घेतला."

खुर्च्यांचा आवाज थांबला. कोणी हसलं नाही. काकासाहेबांची मान खाली गेली ती वर येईना.

साळूबाईनं तोंड खिडकीकडे फिरवलं. भावाची ती मान तिला दुसऱ्यांदा पाहायची नव्हती. हात मात्र तिनं सोडला नाही.