पुढे सतरा, मागे किती

तेवीस वर्षांनी भावाचा निरोप आला, आणि तोही असा: ‘एकशेऐंशी घोड्यांचं इंजिन. चासी मीच बनवली. मागच्या टायरचा घेर दोन मीटर. पुढे सतरा दात. डोंगराची शर्यत आहे, नऊ किलोमीटर, सगळ्यात अवघड वळण साठच्या वेगाचं. मागे किती लावू?’ त्याखाली गिअरबॉक्सचे आकडे. बस्स.

ताईने चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“कुणाचा गं?” लेकीने विचारलं. ती गॅरेजच्या दाराशी उकिडवी बसून एका स्कूटरचं पुढचं चाक काढत होती.

“भुंग्याचा.”

लेकीच्या हातातला पाना थांबला. हे नाव ताईनेच ठेवलेलं. लहानपणी तो दिवसभर तोंडाने इंजिनचा आवाज काढत घरभर फिरायचा. जेवताना घास तोंडात असला तरी घूं घूं चालूच. तेवीस वर्षांत त्याचं नाव घरात फारसं निघालं नव्हतं, पण विसरलं कुणीच नव्हतं.

लेकीने येऊन फोनमध्ये डोकावलं. “कमाल आहे मामाची! ‘कशी आहेस’ एवढे दोन शब्द लिहायला बोटं दुखली का त्याची?”

“विचारलंय ना,” ताई म्हणाली.

“कुठे?”

ताईने ‘मागे किती लावू’वर बोट ठेवलं. सांगून समजण्यासारखं नव्हतं ते.

गॅरेज ताई आणि भुंग्याच्या वडिलांचं. भुंग्या मोटरसायकली बनवायचा; एकीचं इंजिन, दुसरीची चासी, टाकी स्वतः ठोकून काढलेली. आणि ताई हिशेब करायची. पैशांचा नव्हे, दातांचा. इंजिनकडून एक लहान दातेरी चाक येतं, मागच्या चाकाला एक मोठं असतं, मध्ये चेन. या दोघांच्या दातांचं प्रमाण चुकलं की अख्ख्या मशिनची माती. मागे दात जास्त, तर गाडी सुटते बाणासारखी पण लांबच्या रस्त्यावर इंजिन बोंबलत राहतं. कमी, तर लांब पळते शांत, पण चढावर आणि वळणातून निघताना रडते. भुंग्याला हे हाताने कळायचं, ताईला कागदावर. “ताईने आकडा दिला की डोळे मिटून बसवायचा,” असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. बसवायचाही तसाच.

आणि तिथेच सगळं बिघडलं.

तेवीस वर्षांपूर्वी त्याला दूरच्या एका शहरात मोठ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. अकराशे किलोमीटर. तो स्वतः जोडलेल्या मोटरसायकलवरून जाणार होता. आदल्या आठवड्यात त्याने नेहमीसारखं विचारलं, “ताई, लांबचा रस्ता आहे. मागे किती?” बरोबर आकडा होता एकोणचाळीस. ताईने सांगितलं शेहेचाळीस. तिचा विचार एवढाच होता, की गाडी पहिल्या गावापर्यंतच इतका त्रास देईल की तो वैतागून परत येईल. मग महिनाभर दुरुस्ती काढू, तोवर त्याचं मन बदलेल. वडील गेल्याला वर्ष झालं नव्हतं. नवरा कामानिमित्त कायम बाहेरगावी. गॅरेजच्या त्या घूं घूं आवाजाशिवाय दिवस कसा काढायचा, हे तिला कळत नव्हतं.

पण तो परत फिरला नाही. इंजिन किंचाळत होतं, त्याला ऐकू येत होतं, तरी तो तीनशे किलोमीटर तसाच दामटत गेला. ताईचा आकडा आहे म्हणजे चूक दुसरीकडेच असणार, असं धरून. शेवटी पिस्टन जाम झाला. रस्त्याच्या कडेला बसून त्याने सगळं तपासलं, आणि सगळ्यात शेवटी, काहीच उरलं नाही तेव्हा, मागचे दात मोजले. मग गाडी ट्रकवर चढवून तो पुढेच गेला. पोचल्यावर एक पत्र आलं. त्यात तीनच शब्द होते: ‘शेहेचाळीस. दोनदा मोजले.’

ताईने त्याला चार पत्रं लिहिली. पहिल्यात सबब होती, दुसऱ्यात माफी. उरलेली दोन तिने टाकलीच नाहीत.

आता ती टेबलाशी बसली. पाठकोऱ्या बिलावर आकडे मांडले. साठचा वेग म्हणजे मिनिटाला हजार मीटर, म्हणजे मागच्या चाकाचे पाचशे फेरे. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून निघताना इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली यायला नको. चव्वेचाळीस दातांना थोडं कमी पडत होतं. पंचेचाळीसला चार हजार चोवीस. शेहेचाळीसला पुढचं चाक विनाकारण हवेत.

उत्तर पाच मिनिटांत आलं होतं. तरी ताई उठली नाही.

त्याच कागदाच्या कोपऱ्यात तिने आणखी एक हिशेब केला, जो कुणी विचारला नव्हता. एकशेवीसचा वेग, टॉप गिअर, अडतीस दात. इंजिन सदतीसशेवर, झोपेत घोरल्यासारखं. पंचेचाळीस दातांनी कुणी अकराशे किलोमीटर येत नाही. अडतीस दातांनी मात्र येऊ शकतं.

“काय निघालं?” लेकीने विचारलं.

“एवढ्या ताकदीच्या गाडीला तसे दात कमीच बरे,” ताई हळूच म्हणाली. “नाहीतर पुढचं चाक उचलत राहतं. अडतीस, चाळीससुद्धा चालून जातील.”

लेकीने कागद ओढून घेतला. तिला हिशेब ताईनेच शिकवला होता. “वळणातून निघताना चौतीसशेवर येईल की गं! मरेल गाडी तिथे.” मग तिची नजर कोपऱ्यातल्या आकड्यांवर गेली. तिने कागद परत आईसमोर ठेवला आणि म्हणाली, “तू बघ बाई.”

ताईची कानशिलं तापल्यासारखी झाली. चोरी पकडली गेली की होतात तशी. माणूस अडुसष्ट वर्षांचा होतो, केस पांढरे होतात, गुडघे कुरकुरतात, आणि हाताला तीच जुनी खोड. गेल्या वेळी त्याने जाऊ नये म्हणून. या वेळी त्याने यावं म्हणून. त्याने तेवीस वर्षांनी पुन्हा आकडा मागितला होता. डोळे मिटून बसवणार होता तो.

तिने एका बोटाने लिहिलं: ‘पंचेचाळीस.’ आणि पाठवून दिलं. मनात आलेलं बाकी सगळं गिळून टाकलं.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘बसवतो.’

मग अकरा दिवस काही नाही. ताई फोन घेऊनच फिरत होती. ओट्यावर, न्हाणीघराच्या खिडकीत, गॅरेजच्या बाकावर. “त्याला एकदाचं गळ्यातच बांध,” लेक म्हणाली. ताई हसली, पण फोन ठेवला नाही. शर्यतीत तो पडला तर नसेल? पडला असता तर कळवणार तरी कोण होतं? आपला नंबर त्याच्या फोनमध्ये कुठल्या नावाने असेल, याचाही तिने विचार केला.

बाराव्या दिवशी निरोप आला. ‘वळणं छान निघाली. तिसरा आलो. लांबच्या रस्त्याला किती लागतील? घाई नाही.’

कागदाचा तो कोपरा तिला पाठ होता. पण तिने लिहिलं नाही. तिने सरळ फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“रस्ता कोणता?” ताईने विचारलं. पेन्सिल तिच्या हातात तयार होती.

“एवढं विचारायला फोन केलास?” आवाज जाड झाला होता, म्हातारा. “अजून तशीच आहेस.”

“रस्ता कळल्याशिवाय आकडा कसा देणार? चढ किती, सपाट किती, ओझं किती, एकटा की सोबत कुणी?”

“एकटा. ओझं एक पिशवी.” तो म्हणाला. “लिहून घे.”

आणि तो सांगू लागला. घराच्या दारातून निघाल्यावर डावीकडे, मग तीनशे किलोमीटर सरळ, एक मोठा घाट, नदीवरचा लांब पूल, मग पठार. ताई लिहीत गेली. तो पूल घराकडे येणाऱ्या रस्त्यावरचा होता; नाव ऐकल्यावर तिची पेन्सिल अडखळली, पण तिने मध्ये तोंड घातलं नाही. पठार संपल्यावर उतार, आणि उतारानंतर फाटा. एक रस्ता समुद्राकडे. दुसरा कुठे जातो हे दोघांनाही माहीत होतं.

“मग?” ताई म्हणाली.

 पलीकडे कुठेतरी कंप्रेसर चालू होऊन बंद पडला.

“फाट्यापर्यंतचं काढ,” तो म्हणाला. “पुढचं तिथे पोचल्यावर बघू.”

“बरं.”

“किती?”

“अडतीस. चेन वेगळी लागेल, चार कड्या कमी.”

“नक्की?”

या एका शब्दात तेवीस वर्षं होती. ताईने डोळे मिटले. “नक्की. पण या वेळी आधी मोज, मग निघ.”

तो हसला; अगदी थोडं, नाकातून. “मोजतो,” म्हणाला, आणि फोन ठेवला.

लेक दारात उभी होती. “येतोय का?”

“फाट्यापर्यंत येतोय,” ताई म्हणाली.

फाट्यापासून घर साठ किलोमीटर, सगळा सपाट रस्ता. त्यामुळे दातांच्या आकड्यात काडीचा फरक पडत नव्हता. हे त्याला सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने सांगितलं नाही. कागदाची घडी घालून तिने टेबलाच्या खणात ठेवली आणि ती बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एक-दोन गाड्या गेल्या. त्यांचे आवाज तिने शेवटपर्यंत ऐकले.