वकिलांचा टेपरेकॉर्डर आणि गोजरबाईंचं वावर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दोन मोठ्या चकत्यांचा, कातडी मुठीचा आणि चांगला जड. मित्रांनो, मला आता कुणी लावत नाही, त्यामुळे बोलायला सवडच सवड आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. १९६६ साली बुलढाण्याच्या वामनराव वकिलांनी मला मुंबईहून आणलं. एस.टी.त त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. पुढे महिनाभर माणसं मला बघायला येत. स्वतःचा आवाज ऐकून कुणी लाजे, तर कुणी म्हणे, "हा मी नाहीच बे!" माझं फार कौतुक झालं आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी धाड गावच्या गोजरबाई वामनरावांकडे आल्या. त्यांचे यजमान किसनराव वारले होते. भावाभावांची वाटणी तोंडीच झालेली, कागदावर मात्र सगळं वावर थोरल्या भगवानरावांच्या नावावर. गोजरबाईंना आपला वाटा हवा होता. वामनरावांनी भगवानरावांना समजुतीसाठी बोलावलं आणि त्यांना सांगूनच मला सुरू केलं. गोजरबाई दाराआड बसल्या, कारण भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, त्या येत नसत.

भगवानराव माझ्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "विहिरीखालचं सहा एकर किसनच्या वाट्याचं हाये. मी नाही काऊन म्हनू?"

वामनराव खूश झाले. यंत्रावर आलंय, मग सही कशाला, असं त्यांना वाटलं. एका पाहुण्याला माझी करामत दाखवताना त्यांनी ती फीत थोडी वाजवली आणि मध्येच थांबवून तशीच माझ्यावर ठेवली. तिला ना चिठ्ठी, ना सील.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं. वकिलीणबाई, म्हणजे पुष्पाबाई, यांनी हौसेनं मला सुरू केलं आणि सगळ्यांचे उखाणे भरून घेतले. फितीवर काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नवं भरताना माझ्यावरचं जुनं पुसलं जातं. मला कळत होतं, पण मला ओरडता येत नाही.

इकडे भगवानराव फिरले. वाटणी झालीच नाही, म्हणाले. दावा उभा राहिला. वामनराव इतके निर्धास्त की फीत आधी एकदा ऐकावी, हेही त्यांना सुचलं नाही. भर कोर्टात त्यांनी मला लावलं.

"विहिरीखालचं सहा एकर कि..." एवढं भगवानराव बोलले आणि लगेच पुष्पाबाईंचा आवाज आला, "अंगणातल्या जाईला पाणी घालते वाकून, वामनरावांचं नाव घेते सगळ्यांचा मान राखून."

कोर्ट हसलं. गोजरबाई हसल्या नाहीत. समोरच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, फीत इतके दिवस कुणाच्या ताब्यात होती? सील होतं का? आणखी काय काय पुसलं? न्यायाधीशांनी फीत पुराव्यात घेतली नाही. वामनरावांनी वकीलपत्र सोडून स्वतः साक्ष दिली, पण ती एकट्याची पडली. दावा फेटाळला गेला.

मित्रांनो, यंत्राचं कौतुक जरूर करा, पण त्याच्या पोटात कुणाचं काय ठेवलंय त्याची आधी काळजी घ्या. फितीवर चिठ्ठी लावा, सील करा, आणि सही घ्यायला लाजू नका. वामनराव पुढे प्रत्येक पक्षकाराला हेच सांगत, पण गोजरबाईंच्या वेळी ते उशिराच सुचलं.

निकालाच्या दिवशी धाडच्या गाडीला अवकाश होता, म्हणून गोजरबाई आमच्या ओसरीवर टेकल्या. पुष्पाबाई रडत म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं हो सगळं."

गोजरबाईंनी पदर सावरला. "तुमी तुमच्या मालकाचं नाव घेतलं, बाई. त्याच्यात काय वाईट केलं? पन माह्या मालकाचं नाव त्या फितीवरच होतं. कागदावर कुठंच नोतं."