डुप्लिकेटचा कोट

मी कोट बोलतोय. तुम्ही मला पाहिलंय, ताटावर बसून पाहिलंय, पण ओळखणार नाही. मालिकेतला तो तपकिरी कोट आठवतो? ज्याच्यासारखे कोट नंतर दुकानादुकानांत टांगले गेले? तो माझा जुळा भाऊ.

एकाच ताग्यातून कपडेपटातल्या शिंपीमामांनी आम्हा दोघांना बेतलं. बटणंही सारखीच लावली. मग त्याला आतून रेशमी अस्तर दिलं आणि मला पाठीला, कोपरांना कापसाची गादी. माझ्या दोन्ही बगलांखाली एकेक चीर ठेवली, उडी मारताना माणसाला सावरणाऱ्या आतल्या कमरपट्ट्याची दोरी बाहेर काढायला. त्याला चिरा नव्हत्या. त्याला कुठं पडायचं होतं!

तो हिरोचा. मी डुप्लिकेटचा.

माझा माणूस म्हणजे दादा. त्याचा धाकटा भाऊ त्याला दादा म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. हिरो गच्चीच्या कडेपर्यंत चालत यायचा, डोळे रोखून बघायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचा. तिथून पुढं आम्ही दोघं. जिन्यावरून गडगडणं आमचं, काच फोडून पलीकडं जाणंही आमचं. कॅमेरा कायम पाठीमागं. दादाचं तोंड कधी म्हणून दिसलं नाही.

हिरोच्या कोटाला लाँड्री होती. मला दादा घरी न्यायचा, आई धुवायची. त्यामुळं घरातलं सगळं मी वाळत घातल्या जागेवरून ऐकायचो. मालिका लागली की आई पुढं सरकून बसायची. "हा तो नव्हे... हाही नव्हे... हा बघ, हा माझा!" लेकाला ती पाठीवरून ओळखायची.

धाकटा टेम्पो चालवायचा. शाळा अर्ध्यात सोडलेली, डोकं तापट.

"एका भागाचे हिरो जेवढे पैसे घेतो, तेवढे तुला वर्षभर पडून मिळत नाहीत. हाडं तुझी, बंगला त्याचा. हा कुठला न्याय रे दादा?"

दादा पाठीला मलम लावून घेत हसायचा. "अरे, लोक त्याच्या तोंडासाठी बसतात. माझं तोंड दाखवलं तर आईसुद्धा चॅनल बदलेल."

"बदलीन की!" आई आतून म्हणायची.

"आणि तो गेला तर मालिका गेली. शंभर घरांच्या चुली थंड. त्याच्या तोंडावर आपलंही पोट चालतं."

"आणि तू गेलास तर?"

"दुसरा आणतील. पाठ काय, कुठंही मिळते."

त्या दिवशी गच्चीवर बोचरा वारा होता. रेशमी अस्तरात हिरोला थंडी वाजली. त्यानं मला चाचपलं. "हा मस्त जाड आहे. आज हाच घालतो." तो काही दुष्ट नव्हता. त्याला चिरांचं माहीतच नव्हतं. माहीत करून घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

दादाच्या अंगावर माझा जुळा चढला. कमरपट्टा आत राहिला, दोरीला बाहेर यायला वाट नाही. शिंपीमामा कात्री घेऊन धावले. "दहा मिनिटं द्या, शिवण उसवतो."

"साहेब चारला निघणार," मॅनेजर म्हणाला. "त्यांची दहा मिनिटं म्हणजे काय, कळतं का? आणि त्या कोटाला कात्री लावू नका, उद्या फोटो आहेत."

"मग साहेबांच्या अंगावरचा परत घ्या."

"जा, तुम्हीच मागा."

कुणी मागितला नाही. ज्याच्या तासाला सोन्याचा भाव, त्याला कोट काढा म्हणायची छाती कुणाची?

"राहू द्या मामा," दादा म्हणाला. "एवढीशी तर उडी. दोरीशिवाय मारतो."

मी तेव्हा हिरोच्या अंगावर खुर्चीत बसलो होतो. त्याच्या हातात गरम कॉफी होती. मला आवाज आला. खाली रचलेल्या खोक्यांवर माणूस पडला की पुठ्ठा फसकन् बसतो, तो आवाज मी ओळखतो. तो नव्हता तो.

"काय झालं?" हिरोनं विचारलं.

"काही नाही साहेब. तुम्ही बसा."

दादा जागीच संपला, हे नंतर त्याला कळलं. तो रडला. खोटं कशाला सांगू, छाती माझ्या आतच हलत होती, रडणं खरं होतं. मग चार वाजले. गाडी आली. तो गेला.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्याच्याच अंगावर चढवलं, कारण माझा जुळा आता कामाचा राहिला नव्हता. माझ्यावर धूळ फासली. तो जमिनीवर आडवा झाला आणि एका दमात उठून उभा राहिला. टाळ्या पडल्या.

शूटिंग संपल्यावर शिंपीमामांनी मला कागदात गुंडाळून दादाच्या घरी आणलं. "हा त्याचा आहे," एवढंच बोलले.

धाकटा मला काखोटीला मारून मॅनेजरपुढं उभा राहिला. "पैसे नकोत. शेवटी नावं येतात ना, त्यात दादाचं नाव टाका. उडी त्यानं मारली, एवढं लिहा."

"अरे बाबा, साहेब स्वतः उड्या मारतात असं लोक समजतात. त्याचेच तर त्यांना पैसे मिळतात."

धाकट्यानं टेबल उलथवलं. दोन रखवालदारांनी मिळून त्याला फाटकाबाहेर काढलं.

तो भाग लागला. हिरो चालत कडेपर्यंत आला. धाकट्यानं स्टूल उचललं, टीव्हीवर घालायला. आईनं त्याचा हात धरला. "थांब रे. हा तो नव्हे..."

मग पाठ दिसली.

"हा. हा बघ, हा माझा."

झेप घेतली दादानं. खाली धुळीतून एक कोट उठून उभा राहिला. मीच.

"उठला!" आई म्हणाली.

मग त्या कोटानं तोंड वळवलं. आई बघत राहिली. "हा तो नव्हे," असं म्हणून ती आत निघून गेली. धाकट्यानं स्टूल खाली ठेवलं. शेवटी नावं आली आणि सरली. दादाचं नव्हतं.

आता मी खुंटीवर असतो. तोंडाला किती द्यायचं ते द्या बाबांनो, पण आज मालिका लावाल तेव्हा ती पाठ नीट बघा. ती कुणाच्या तरी आईला ओळखू येते.

माझ्या बगलेतल्या चिरा अजून शाबूत आहेत. धाकटा कधी कधी त्यांत बोट घालून बघतो. सहज आरपार जातं.